गेटवर उघडेल तोच पोर्टफोलिओ: गुगल साइट्स, डिजिलॉकर आणि महारा यांची पारख

सांगलीजवळच्या कुपवड किंवा मिरज एमआयडीसीतल्या मशिन शॉपमधली मुलाखत फार लांबत नाही. सुपरवायझर उभ्याउभ्याच बायोडाटा हातात घेतो, टक्क्यांवरून नजर फिरवतो आणि विचारतो, "मशिन कुठलं चालवलंयस? कंट्रोल फॅनुक का सिमेन्स? सेटिंग येतं का नुसतं ऑपरेटिंग?" झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेल्या बायोडाटात या तिन्हींचं उत्तर नसतं. तिथे 'मेहनती, प्रामाणिक, नवीन शिकण्याची आवड' असतं आणि छंदाच्या रकान्यात क्रिकेट.

ई-पोर्टफोलिओ लागतो तो या तीन प्रश्नांसाठी. केलेल्या जॉबचे फोटो, ड्रॉइंग, मोजलेली मापं, काय चुकलं ते दोन ओळींत, निदेशकांची सही असलेलं जर्नलचं पान, आणि हे सगळं एका लिंकवर. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांनी तो कशावर करावा, हे ठरवायला गुगल साइट्स, डिजिलॉकर (दाखले ठेवायचं सरकारी ॲप), महारा (संस्थेने स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं ई-पोर्टफोलिओ सॉफ्टवेअर) आणि लिंक्डइन ही चार साधनं इथे एकाच कसोटीला लावली आहेत. गेटवर, दुसऱ्याच्या मोबाइलवर, लॉगिन न मागता उघडतं का? कॉलेज सुटल्यावर राहतं का? आणि पोराला कुणाची मनधरणी न करता त्यात बदल करता येतो का?

निकाल आधीच सांगून टाकू. कामाचे पुरावे गुगल साइट्सवर, स्वतःच्या जीमेलवरून. दाखले डिजिलॉकरमध्ये. महारा संस्थेसाठी उत्तम, पण ते सांभाळणारा माणूस असेल तरच. लिंक्डइन पुण्याला अर्ज करायची वेळ येईल तेव्हा. कुपवडच्या छोट्या युनिटचा मालक तिथे माणूस शोधत बसत नाही, तो ओळखीच्या सेटरला फोन लावतो.

गुगल साइट्स: फुकट, सोपी, पण मोबाइलवर लंगडी

साइट बनवायला कोडिंग लागत नाही, पैसे लागत नाहीत. कॉम्प्युटरवर जीमेलने आत जायचं, कोरी साइट उघडायची आणि चार पानं करायची: 'माझ्याविषयी', 'जॉब', 'ट्रेनिंग', 'दाखले'. पाचवं पान करायचा मोह आवरा. पहिल्या पानावर नाव, ट्रेड, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, तालुका आणि मशिनची यादी. यादीत नुसतं 'सीएनसी' (संगणकाने चालणारं मशिन) लिहून भागत नाही. टर्निंग सेंटर (लेथ) की व्हीएमसी (मिलिंग), कंट्रोल म्हणजे मशिनचा संगणक कुठल्या कंपनीचा, आपण काय करत होतो (लोडिंग-अनलोडिंग, ऑफसेट म्हणजे मापाची दुरुस्ती कंट्रोलला देणं, का पूर्ण सेटिंग) हे एकेका ओळीत यायला हवं. नुसतं ऑपरेटिंग येत असेल तर तेच लिहा. सेटिंग येतं म्हणून सांगितलेलं पहिल्याच पाळीत उघडं पडतं.

पब्लिश करताना पत्त्याचा शेवटचा भाग आपल्याला निवडता येतो. नाव आणि ट्रेड पुरे. जीमेलच्या पत्त्यात 'किंग' किंवा 'बॉस' असलं तर चालून जातं असं मुलांना वाटतं. एचआरच्या बाईंना तोच पत्ता शंभर अर्जांच्या यादीत टाइप करावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

इथपर्यंत कुणालाही जमतं. पोर्टफोलिओ पडतो तो पुढच्या चार-पाच ठिकाणी, आणि दरवेळी त्याच.

सगळ्यात जास्त पडतो परवानगीत. साइट 'सगळ्यांसाठी' पब्लिश केली, पण तिच्यात ड्राइव्हमधून लावलेली पीडीएफ किंवा व्हिडिओ 'फक्त मला' असाच राहिला, तर पोराला स्वतःच्या फोनवर सगळं छान दिसतं, कारण तो स्वतःच्या खात्याने आत असतो. सुपरवायझरच्या फोनवर मात्र त्या जागी परवानगी मागणारा चौकोन येतो. साइटची परवानगी वेगळी, ड्राइव्हमधल्या फाइलची वेगळी. ड्राइव्हमध्ये 'पोर्टफोलिओ' नावाचा एकच फोल्डर करून त्याला 'लिंक असलेला कुणीही, फक्त बघण्यासाठी' अशी परवानगी द्यायची आणि जे दाखवायचं ते त्यातच टाकायचं. मग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (तिथे आपलं खातं लॉगिन नसतं) लिंक उघडून प्रत्येक पान खालपर्यंत सरकवून बघायचं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती न करता कुणालाही लिंक पाठवू नये.

दुसरी गफलत पब्लिश बटणाची. साइटमध्ये बदल केला की तो मसुद्यात साठतो. बाहेरच्याला जुनंच पान दिसत राहतं. पुन्हा पब्लिश दाबल्याशिवाय नवा जॉब लोकांपर्यंत जात नाही.

तिसरी अडचण खरी मोठी: साइटचं संपादन कॉम्प्युटरवरच नीट होतं. जत, आटपाडीकडच्या मुलाच्या घरी कॉम्प्युटर असेलच असं नाही, आणि कॉलेजच्या लॅबचा नंबर आठवड्यातून एकदा. यावर चांगला उपाय आहे. 'जॉब' पानावर थेट मजकूर न लिहिता एक गुगल स्लाइड्सची फाइल लावायची. स्लाइड्सचं ॲप फोनवर व्यवस्थित चालतं. घरी बसून नवी स्लाइड जोडली की साइटवर ती आपोआप दिसते, पुन्हा पब्लिश करायची गरज नाही. एका जॉबला एक स्लाइड. साइटचा सांगाडा लॅबमध्ये एकदाच उभा करायचा, पुढची भर फोनवरून.

चौथं, जागा. गुगलच्या फुकट खात्याला 15 जीबी मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं येतं. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. गणपतीतले व्हिडिओ बॅकअपला गेले की कोटा भरतो, आणि भरलेल्या खात्यावर नवे ईमेल येणं थांबतं. म्हणजे मुलाखतीचं बोलावणं निघतं, पण पोचत नाही. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळायची सोय आहे, ती आजच चालू करा.

कॉलेजने दिलेल्या ईमेलवर पोर्टफोलिओ करू नका. संस्था विद्यार्थ्यांची खाती कधी ना कधी बंद करतेच, आणि त्याबरोबर साइटही जाते. शिक्षण आणि काम यांच्या मधल्या काळात ज्याची गरज, तेच नेमकं त्या काळात गायब. स्वतःचं जीमेल घ्या, पण रोजच्या वापरातलं घ्या. 'पोर्टफोलिओसाठी वेगळं' म्हणून काढलेलं खातं विसरलं जातं, आणि 2 वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. मुलं रिचार्जच्या ऑफरपायी सिमही बदलतात. मग जुन्या नंबरवर ओटीपी जातो आणि खातं कुलूपबंद. रिकव्हरीला घरातला कायम असलेला नंबर द्यावा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर गुगल 10 बॅकअप कोड देतं, ते वहीत उतरवून ठेवावेत.

आणखी एक उणीव: पब्लिश झालेल्या पानावर निदेशकांना शेरा लिहायची जागा नाही. मजकूर आधी गुगल डॉक्समध्ये लिहून तिथे सरांचा शेरा घ्यायचा, दुरुस्ती झाली की साइटवर आणायचा, असा वळसा पडतो. पाचपैकी चार गुण देऊ. एक कापला तो मोबाइलसाठी.

एक पान जवळून

साधन कुठलंही घ्या, पानात काय आहे यावर सगळं. सीएनसी टर्निंगच्या एका जॉबचं पान असं भरतं.

वर ड्रॉइंग: एम.एस. (माइल्ड स्टील) बार, कच्चा व्यास 32, तयार व्यास 28 मि.मी., मर्यादा ±0.02, लांबी 40, टोकाला 1×45 अंशांचा चॅम्फर. त्याखाली एक ओळ: कार्बाइड इन्सर्ट, कटिंग स्पीड मिनिटाला 150 मीटर, म्हणजे 28 व्यासाला सुमारे 1,700 आरपीएम; फिनिशिंगचा फीड फेऱ्याला 0.1. मग मोजणी. पहिला पीस 28.06 भरला.

खरी किंमत पुढच्या तीन ओळींना. "28.06 आलं म्हणून वेअर ऑफसेटला एक्समध्ये उणे 0.03 दिले. पीस 28.03 आला, मर्यादेबाहेरच. कारण कंट्रोल व्यासात चालतो आणि मी त्रिज्येचा आकडा दिला. आणखी उणे 0.03 दिल्यावर 28.00." हे वाचून सुपरवायझरला कळतं की पोरगा मशिनजवळ उभा राहिलाय. नुसता चकचकीत पीसचा फोटो कुणाच्याही जॉबचा असू शकतो; चुकलेला ऑफसेट उसना आणता येत नाही.

मुलं ही चूक लपवतात. गुण कापले जातील असं वाटतं, कारण जर्नलमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यांचे जॉब मापात येत आलेत. पोर्टफोलिओत उलट चालतं हे निदेशकांनीच आधी सांगायला हवं, नाहीतर पोर्टफोलिओही जर्नलसारखाच उतरवला जातो.

फोटोविषयी. ±0.02 चा जॉब आणि फोटोत 0.02 लीस्ट काउंटचा (त्याहून बारीक माप न दाखवणारा) व्हर्नियर, असं असलं तर जाणकार तिथेच हसतो. त्याला 0.01 चा मायक्रोमीटर हवा. रीडिंग टिपताना फोन स्केलच्या बरोबर समोर धरा. तिरका धरला की रेघ एक घर सरकलेली दिसते. फ्लॅश बंद, उजेड बाजूने, खाली पांढरा चार्ट पेपर. कंट्रोलच्या स्क्रीनचा फोटो घेताना पट्टे येतात, तेव्हा फोन थोडा कलता करून दोन-तीन टिपा आणि चांगला ठेवा. वर्कशॉपमध्ये चालत्या मशिनजवळ फोन काढायचा नाही. स्पिंडल थांबलं, दार उघडलं, मग फोटो.

फोटो मित्राकडून व्हॉट्सॲपवर मागवला की तो दाबून लहान होतो आणि रीडिंग वाचता येत नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळचा येतो. साइटवर चढवताना मात्र स्वतःच लहान करा: लांब बाजू 1600 पिक्सेल, 300 ते 400 केबी. बारा फोटो मिळून चार-साडेचार एमबी होतात, शेडच्या पत्र्याखाली नेटवर्क एका काडीवर असलं तरी उघडतात. मशिन चालू असल्याचा व्हिडिओ 30-40 सेकंदांचा पुरे, यूट्यूबवर 'अनलिस्टेड' म्हणून.

फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग कामाचं नाव. यादी आपोआप कालक्रमाने लागते. शनिवारी वीस मिनिटं काढून आठवड्यातले दोन फोटो निवडले तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात तीस होतात. त्यांतले आठ ठेवायचे, बाकीचे ड्राइव्हमध्ये पडू द्या. सबमिशनच्या आदल्या रात्री केलेला पोर्टफोलिओ ओळखू येतो: सगळे फोटो एकाच शर्टात.

कंपनीत गेल्यावर

ॲप्रेंटिसशिप लागली की पोर्टफोलिओचा खरा कस लागतो, आणि बहुतेकांचा तिथेच बंद पडतो. कारण साधं आहे: शॉपफ्लोअरवर फोन नेता येत नाही. नेता आला तरी ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर असतो. कुठल्या बड्या गाडी कंपनीचा पार्ट आहे हे जगाला सांगणं म्हणजे ॲप्रेंटिसशिप धोक्यात घालणं. टायटल ब्लॉक कापून टाकला तरी आकारावरून पार्ट ओळखणारे असतात.

मग लिहायचं काय? प्रक्रिया लिहा, पार्ट नको. 'दंडगोल भाग, बाहेरचा व्यास 40 ते 60, तीन ऑपरेशन, माझ्याकडे दुसरं. पाळीला दोनदा इन्सर्ट बदलणं, दर पंचवीस पीसना बोअर गेजने तपासणी, बर (कडेला उरलेला खरबरीत धातू) आल्यास रिवर्क.' आकडे गोल करा किंवा पल्ल्यात द्या. आकृती हवी तर हाताने काढलेलं साधं स्केच, मापं स्वतःची घालून. असं लिखाणही टाकण्याआधी सुपरवायझरला दाखवा आणि होकार ईमेलवर घ्या. तोंडी होकार माणूस बदलला की संपतो.

शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. म्हणून पानावर 'नोकरी' असं लिहू नये. 'शिकाऊ उमेदवार, अमुक ट्रेड, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असं लिहावं. करारातल्या तारखा आणि पोर्टफोलिओतल्या तारखा जुळायला हव्यात, कारण पुढची कंपनी जुळवून बघते.

डिप्लोमाच्या मुलांचं थोडं सोपं. ट्रेनिंगचा अहवाल द्यावाच लागतो, तेव्हा त्यातलं रोजच्या डायरीचं सार घ्यावं. कंपनीच्या इतिहासाची वेबसाइटवरून उचललेली पंधरा पानं मात्र अहवालातच राहू द्या. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 सालचा आहे हे सांगलीत सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही तिथे कुठल्या पंपाच्या असेंब्लीजवळ उभे होता ते सांगा.

डिजिलॉकर: कपाट आहे, शोकेस नाही

2019 च्या ऑगस्टचा आणि 2021 च्या जुलैचा महापूर आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट; पाणी त्या पातळीच्या वर गेलं आणि गावभागात, शामरावनगरात घराघरांतल्या ट्रंका भिजल्या. लॅमिनेट केलेली मार्कशीटही कडेने पाणी पिते. दाखल्यांसाठी डिजिलॉकर वापरा हे सांगलीकराला दोनदा सांगावं लागू नये.

पण त्यात दोन कप्पे आहेत, आणि त्यांचा फरक बहुतेकांना माहीत नसतो. 'इश्यूड' मध्ये जे येतं ते बोर्ड किंवा संस्थेकडून थेट येतं आणि कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं आहे. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः स्कॅन करून चढवतो. तिथे 1 जीबी जागा, एका फाइलला 10 एमबीची मर्यादा, आणि त्या कागदाला झेरॉक्सपेक्षा जास्त मोल नाही. दहावीची मार्कशीट फोटो काढून चढवली म्हणजे 'डिजिलॉकरला आहे' असं होत नाही. ती बैठक क्रमांक आणि वर्ष घालून बोर्डाकडून ओढून घ्यावी लागते.

ओढताना अडतं ते नावात. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं अक्षर. इंग्रजी स्पेलिंगात एक 'एच' कमी. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींना हे जास्त भोवतं. पदवी-डिप्लोमाचे क्रेडिट साठवणाऱ्या एबीसी खात्यालाही हीच ठेच लागते. म्हणून नावाची दुरुस्ती शेवटच्या वर्षाला नको, प्रवेशाच्या वेळीच करून टाका. भरतीच्या आठवड्यात आधार केंद्राची रांग बघवत नाही.

डिजिलॉकरमध्ये कामाचे फोटो, जर्नल, स्वतःचं लिखाण ठेवून दाखवणं हा त्याचा उपयोगच नाही. साइटच्या 'दाखले' पानावर फक्त यादी द्या: परीक्षा, वर्ष, 'मूळ प्रत डिजिलॉकरमध्ये, मागितल्यास दाखवू'. मार्कशीटचा फोटो उघड्या साइटवर नको. त्यावर आईचं नाव आणि बैठक क्रमांक असतो. आधारचा तर कुठलाच फोटो नको. दहावीनंतर लगेच आयटीआयला आलेलं पोर अठराच्या आतलं असतं. त्याची साइट सर्च इंजिनला दिसू नये अशी खूण सेटिंगमध्ये करावी आणि लिंक मागेल त्यालाच द्यावी.

महारा: चांगलं, पण त्याला घरचा माणूस लागतो

महारा हे खास ई-पोर्टफोलिओसाठीच लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमध्ये 2006 साली काम सुरू झालं. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ विचार करणं. संस्थेच्या नजरेतून बघितलं तर गुगल साइट्स त्याच्यासमोर खेळणं वाटेल. रोजनिशी लिहायची जागा वेगळी, तिच्यातले निवडक उतारे पानावर आणता येतात. पान सरांकडे 'सबमिट' केलं की ते गोठतं. सरांनी तपासून सोडेपर्यंत विद्यार्थ्याला बदलता येत नाही. शेरे पानाखालीच. बाहेरच्याला दाखवायला गुप्त लिंक देता येते, तिला मुदत घालता येते: मुलाखतीच्या आठवड्यापुरती उघडी, पुढे बंद. मूडल (ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर) आधीच असेल तर त्याला जोडताही येतं.

आणि जाताना सगळं बरोबर नेता येतं. एक्स्पोर्ट दोन प्रकारचा आहे. एचटीएमएल घेतलं तर ब्राउझरमध्ये कुठेही उघडतं. लीप-टू-ए घेतलं तर दुसऱ्या संस्थेच्या महारात जसंच्या तसं बसतं. पण आपल्याकडे दुसरी संस्था महारा वापरत असण्याची शक्यता किती? म्हणून एचटीएमएल घ्या आणि ते निरोप समारंभाच्या आधी घ्या, नंतर पासवर्ड विसरतो.

दुखणं सर्व्हरचं. पीएचपी (महारा ज्या भाषेत लिहिलंय ती), डेटाबेस, दर मिनिटाला चालणारं क्रॉन (ठरलेली कामं आपोआप उरकणारा प्रोग्राम), अपलोड झालेल्या फाइलींचा वेगळा बॅकअप, वर्षातून एकदा तरी अपग्रेड. क्रॉन बंद पडलं की सूचना जात नाहीत, आणि सरांना वाटतं मुलांनी काही दिलंच नाही. नुसता डेटाबेसचा बॅकअप घेऊन फाइलींचा विसरला तर पानं परत येतात, फोटो येत नाहीत. हे सगळं बहुतेक ठिकाणी एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या जिवावर चालतं. त्यांची बदली झाली की लॉगिनचं पान तेवढं उरतं. दोन माणसांची नावं लेखी ठरलेली असतील आणि सर्व्हरचा खर्च बजेटमध्ये धरला असेल, तर घ्यावं. नाहीतर साडेचार गुणांचं सॉफ्टवेअर दोन वर्षांत शून्यावर येतं.

उलट्या वाटेने: कामावरून पुन्हा वर्गात

दोन वर्षांचा आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाला, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला, अशी ये-जा आपल्याकडे जुनीच. 'कमवा आणि शिका' ज्या मातीत रुजलं त्या साताऱ्या-सांगलीला हे नवं नाही. पण इथे भाबडेपणा नको: केंद्रीय प्रवेश फेरी गुणांवर चालते, पोर्टफोलिओ तिथे कुणी उघडून बघत नाही. त्यासाठी म्हणून साइट करत असाल तर वेळ अभ्यासाला द्या.

उपयोग होतो तो पूर्वानुभवाला मान्यता देणाऱ्या मूल्यमापनात. दहा वर्षं लेथवर उभ्या असलेल्या माणसाकडे हात असतो, कागद नसतो. तो बरेचदा ठेकेदाराच्या पटावर असतो; काम एका कारखान्यात आणि पगाराची पावती दुसऱ्याच नावाची. अनुभवाचा दाखलाही ठेकेदाराचाच मिळतो, त्यात 'हेल्पर' लिहिलेलं. अशा माणसाने 'कामाचा काळ' असं पान करून तीन रकाने घालावेत: ठेकेदार, प्रत्यक्ष कामाची जागा, केलेलं काम. पुराव्याला उमंग ॲपवरचं पीएफचं पासबुक आहे. त्यात दर महिन्याचा भरणा दिसतो आणि सलग किती महिने काम झालं ते वादाविना ठरतं. पासबुकही उघड्या पानावर टाकायचं नाही. मूल्यमापन करणाऱ्याला वेगळ्या फोल्डरची लिंक द्यावी आणि निकाल लागला की परवानगी काढून घ्यावी.

लिहिण्याची सवय नसलेल्याला चार ओळी जड जातात. त्याने बोलावं. फोनच्या कीबोर्डवरचं माइक दाबून मराठीत सांगितलेलं टाइप होतं. 'टेपर टर्निंगला कंपाउंड स्लाइड किती अंश फिरवली' हे तो न अडखळता सांगतो. यंत्र 'टेपर' चं 'पेपर' करतं, तेवढं मुलाकडून तपासून घ्यावं.

शेवटी छापील कागद

गेटवरचा वॉचमन लिंक घेत नाही, कागद घेतो. म्हणून एक पानाचा बायोडाटा लागतोच, आणि त्याच्या कोपऱ्यात साइटचा क्यूआर कोड. कोड 'स्टॅटिक' असावा. फुकट म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच सेवा 'डायनॅमिक' कोड देतात, तो त्यांच्या सर्व्हरवरून फिरून जातो आणि चाचणीची मुदत संपली की स्कॅन केल्यावर पैसे मागणारं पान उघडतं. तोवर तुमच्या पन्नास प्रती वाटून झालेल्या असतात. स्टॅटिक कोडमध्ये पत्ताच कोरलेला असतो, त्याला मुदत नाही. क्रोम ब्राउझरमध्ये साइट उघडून 'शेअर' मधून असा कोड तिथल्या तिथे काढता येतो. पत्ता जितका लांब तितकी कोडची नक्षी दाट, म्हणून साइटचं नाव आखूड ठेवलेलं इथे कामी येतं.

छापताना बाजू निदान अडीच सेंटिमीटर, भोवती पांढरी मोकळी जागा, आणि कोडाखाली पत्ता अक्षरांत. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली असली की काळे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि कोड वाचला जात नाही. प्रत्येक प्रत मूळ पीडीएफवरून काढून घ्या. घडी कोडावरून जाणार नाही अशा कोपऱ्यात तो ठेवा: वर, उजवीकडे. खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं ऑइल लागतं.